मुंबईच्या दमट हवेत वस्तरा गंजापासून कसा वाचवायचा

गणपतीला दहा दिवस गावी गेलो होतो. निघायच्या पहाटे घाईत दाढी केली, वस्तरा नळाखाली धरला, पंच्याला पुसला, पात्यावरून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि चामड्याच्या म्यानात घालून बाथरूमच्या कपाटात ठेवून दिला. तेलबिल लावून ठेवलंय म्हणजे आपण केवढी काळजी घेतली, असं वाटत होतं. परत येऊन उघडला तर धारेला लागून मोहरीएवढे सात-आठ तांबूस ठिपके. भिंगातून पाहिलं तर उंदराने पोळीची कड कुरतडावी तशी धार झालेली.

आमच्या गल्लीत एक जुने सलूनवाले काका आहेत, त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी आधी पातं पाहिलंच नाही. वस्तरा अर्धा मिटला, मुठीच्या फटीत कागदाची घडी सारली आणि बाहेर काढून मला दाखवली. कागद तपकिरी झाला होता. म्हणाले, "तेल लावलंस रे, पण पाणी कुठे काढलंस? पाणी आत कोंडलंस आणि वर तेलाचं झाकण घातलंस."

पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे. नव्याने वस्तरा घेतलेले बहुतेक जण "कुठलं तेल लावू?" इथपासून सुरुवात करतात. तेल शेवटी येतं. वस्तरा वाचतो की जातो हे दाढी झाल्यानंतरच्या पाच मिनिटांत ठरतं.

वस्तराच एवढा का गंजतो?

चांगले वस्तरे, मग ते जर्मनीतल्या झोलिंगेनचे असोत की इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने, बहुतेक कार्बन पोलादाचे असतात. स्टेनलेस म्हणवायला पोलादात निदान १०.५ टक्के क्रोमियम लागतं आणि ते यात नसतं. गंमत म्हणजे हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली स्टेनलेस पोलाद बनवलं ते याच शेफील्डमध्ये. तरी वस्तऱ्याला लोकांनी कार्बन पोलाद सोडलं नाही, कारण त्याला दगडावर लवकर धार लागते. स्टेनलेसचे वस्तरेही मिळतात. तुम्ही विसराळू असाल तर खुशाल तोच घ्या, पण त्यालाही पातं मुठीला जोडणाऱ्या खिळ्याजवळ डाग पडतात, तेव्हा खालचं सगळं त्यालाही लागू आहे.

दुसरं कारण धारेचं. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो आणि धार लावलेल्या वस्तऱ्याच्या धारेचं टोक एका मायक्रॉनहूनही बारीक असतं. आईच्या विळीवर गंज आला तर ती राखेने किंवा चिंचेने घासते आणि पुन्हा भाजी चिरायला बसते. वस्तऱ्याच्या धारेवर तेवढाच गंज आला तर खायला तिथे पोलादच नसतं.

तिसरं कारण म्हणजे आपली मुंबई. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर गंज धरायचा वेग एकदम वाढतो. इथे पावसाळ्यात ती दिवसचे दिवस ८० च्या वर असते. वरून समुद्राचं मीठ. पात्यावर बसलेला मिठाचा कण हवेतलं पाणी स्वतःकडे ओढतो, म्हणजे न भिजलेला वस्तराही ओला होतो. मी बोरिवलीला होतो तेव्हा असाच निष्काळजीपणा दोन वर्षं पचला. माहीमला समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीत आलो आणि पहिल्याच भाद्रपदात वर सांगितलेलं घडलं.

काय काय लागेल?

- पांढरा टिश्यू पेपर, वास नसलेला. टॉयलेट पेपरही चालतो.
- जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा मऊ, धुतलेला तुकडा.
- लिक्विड पॅराफिनची छोटी बाटली. केमिस्टकडे बद्धकोष्ठाचं औषध म्हणून मिळते. फक्त साधं पॅराफिन मागा. काही बाटल्यांत दुसरी औषधं आणि साखर मिसळलेली असते, ती नको.
- कॅमेऱ्याच्या लेन्सवरची धूळ उडवायचा रबरी ब्लोअर. फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत मिळेल.
- घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सुटं सिलिका जेल. जेल प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे वजनावर मिळतं.
- घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहा पट भिंग. नसलं तरी अडत नाही, पण असलं की गंज कळायला आठवडाभर आधी कळतो.

पट्टा, म्हणजे वस्तरा घासून धार सरळ करायची चामड्याची पट्टी, तर तुमच्याकडे असेलच. नसेल तर वस्तरा वापरायलाच लागू नका.

१. दाढी चालू असतानाच मूठ कोरडी ठेवा

नवशिके दर दोन फटक्यांनी वस्तरा नळाखाली धरतात. सेफ्टी रेझरची सवय असते, दुसरं काय. त्याने पाणी पात्यावरून मागे जातं, खिळ्यात शिरतं, मुठीच्या दोन फळ्यांमध्ये बसतं आणि तिथून ते सहजासहजी निघत नाही. जुने कारागीर वस्तरा कधी धूत नसत, फेस कागदावर किंवा हाताच्या पंजावर पुसून घेत. तुम्ही डाव्या हाताशी एक ओला फडका घडी घालून ठेवा आणि पात्याची पाठ त्यावर टेकवून, पाठ पुढे धार मागे असा फेस पुसा. धार पुढे करून पुसलीत तर फडका कापेल आणि धारही जाईल.

बोटं ओली असतील तर मूठ आणि शेपटी, म्हणजे बोट टेकवायचा तो वळलेला भाग, ओली होते. मी मधूनमधून बोटं खांद्यावरच्या पंच्याला पुसतो. खांद्यावर पंचा हे आजोबांचं ध्यान आता माझं झालंय.

२. शेवटी एकदाच, गरम पाण्याने धुवा

साबणाचा थर राहिला तर तो ओल धरतो, म्हणून शेवटी एकदा धुवायचं. पातं पूर्ण उघडा, टोक खाली आणि मूठ वर धरा, म्हणजे पाणी खिळ्याकडे न जाता टोकावरून गळेल. पाणी गिझरचं, हाताला चटका बसेल इतपत गरम असू द्या. पातं तापलं की उरलेलं पाणी आपोआप उडतं.

भातसा-वैतरणाचं, म्हणजे पालिकेच्या नळाचं पाणी मऊ आहे, त्याचे पांढरे डाग सहसा पडत नाहीत. पण सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर ते बऱ्याचदा खारट, जड असतं. अशा घरी शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या.

आणि तुरटी! दाढी झाली की गालावर तुरटी फिरवायची आणि त्याच ओल्या हाताने वस्तरा उचलायचा, ही चूक मी इतक्यांना करताना पाहिली आहे की सांगायची सोय नाही. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, पोलादाला ते मिठाइतकंच वाईट. आधी वस्तऱ्याचं सगळं आवरा, तो जागेवर ठेवा आणि मग तुरटी घ्या. तुरटीचा खडा आणि वस्तरा एका डब्यात तर कधीच नको.

३. पुसणं: इथे घाई नाही

टिश्यूची चौपदरी घडी करा. ती पात्याच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना खोगिरासारखी बसवा आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून पाठीकडून धारेकडे सरकवत बाहेर काढा. दाब पाठीवर जास्त, धारेपाशी जवळजवळ नाही. पातं लांबीला धरून, सुरी पुसतो तसं, कधीही पुसू नका. बोट गेलंच म्हणून समजा. कागद ओला झाला की बदला. तिसरा कागद कोरडा निघायला हवा. माझे पावसाळ्यात चार लागतात.

मग शेपटी. तिच्या खालच्या बाजूला पकडीसाठी बारीक रेघा कोरलेल्या असतात, त्यात पाणी हमखास राहतं. कागदाचं टोक पिळून रेघांतून फिरवा.

यानंतर काही जण स्पिरिट लावतात. लावायला हरकत नाही, पण केमिस्टकडच्या स्पिरिटमध्ये बऱ्याचदा पाणीही असतं. घ्यायचंच तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि ते मुठीला लागू देऊ नका; लाखेची झिलई त्याने उतरते, काही प्लॅस्टिकना तडे जातात. शिवाय स्पिरिट पात्यावरचं उरलंसुरलं तेलही घेऊन जातं, त्यामुळे नंतर तेल लावणं आलंच. मी हल्ली लावत नाही.

४. मुठीच्या आतलं पाणी काढा

माझा वस्तरा गेला तो इथे. वरून पातं लख्ख कोरडं दिसतं आणि खिळ्यापाशी थेंब बसलेला असतो. वस्तरा मिटला की तोच थेंब फळ्यांच्या आतून पात्यावर पसरतो.

खिळ्याच्या दोन्ही बाजूंना ब्लोअरचे सात-आठ फवारे मारा, खाली कागद धरून. पहिल्या वेळी कागदावर उडालेले शिंतोडे पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. तोंडाने फुंकू नका, फुंकरीत वाफ असते. मग टिश्यूची पट्टी फळ्यांच्या मधून आरपार ओढून घ्या, सलूनवाल्या काकांनी केलं तसं. पट्टी तपकिरी निघाली तर आत गंज सुरू झालाय. मग नवव्या पायरीकडे जा.

हेअर ड्रायर चालतो, मंद आणि लांबून. गॅस, इस्त्री, मेणबत्ती यांच्या जवळ मात्र नको. साधारण २०० अंशांच्या पुढे पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरतं आणि धार टिकेनाशी होते. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल तर ती भडकन पेट घेते, ते वेगळंच.

५. पट्टा

पट्ट्याला दोन पदर असतील, एक कापडी आणि एक चामड्याचा, तर दाढीनंतर कापडी पदरावर दहा-पंधरा हात मारा. डोळ्याला न दिसणारी धारेवरची ओल त्याने जाते. ओलं पातं चामड्यावर नको, चामडं फुगतं. पावसाळ्यात पट्ट्यालाच बुरशी येते, म्हणून तो बाथरूममध्ये टांगू नका. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली टांगून ठेवा.

६. आता तेल

टिश्यूवर लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब घ्या आणि पुसताना फिरवला तसाच कागद फिरवा. पातं ओलसर दिसायला नको. उजेडात तिरपं धरलं की नुसती झाक दिसावी. जास्त लावलं की ते मुठीत उतरतं आणि त्यावर धूळ बसते. पंधरा दिवसांतून एकदा काडीच्या टोकाने खिळ्यावर एक थेंब सोडा, वस्तरा चार वेळा उघडमीट करा आणि बाहेर आलेलं पुसून घ्या.

तेलांबद्दल माझं मत असं. शिलाई मशीनचं तेल काम चोख करतं, फक्त पुढच्या दाढीआधी ते नीट पुसायला हवं. जपानी लोक हत्यारांना कॅमेलियाचं तेल लावतात. ते छान असतं आणि महाग असतं. खोबरेल रोज दाढी करणाऱ्याला चालून जातं, पण पडून राहिलं तर खवट आणि चिकट होतं. शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल यांतलं काहीही नको. जुन्या कढईच्या कडेला जो पिवळा चिकट थर बसतो, तोच पात्यावर बसेल. डब्ल्यूडी-४० या नावातलं 'डब्ल्यूडी' म्हणजे मुळात पाणी हटवणारं, त्यामुळे भिजलेल्या खिळ्याला ते उपयोगी आहे. रोज पात्यावर मारायचं ते तेल नव्हे.

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत, रोज दाढी होत असेल तर तेल नाही लावलं तरी निभतं. जून ते सप्टेंबर मात्र प्रत्येक दाढीनंतर लावा, एकही दिवस चुकवू नका.

पुढच्या दाढीला तेल आधी पुसायचं आणि मगच चामड्यावर जायचं. उलट केलंत तर महिन्याभरात पट्टा तेलकट होतो, पातं त्यावर घसरत राहतं, आणि तुम्ही दोष धारेला देता.

७. ठेवायचा कुठे?

बाथरूम सोडून कुठेही. आपल्याकडच्या बाथरूमला खिडकी म्हणजे डक्टकडे उघडणारी तीन काचांची फट. एका अंघोळीची वाफ पुढची अंघोळ होईपर्यंत तिथेच असते. चाळीत मोरीजवळच्या फळीचीही तीच गत. स्वयंपाकघरही नको. पावसात घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत घालत असाल तर त्या खोलीतही नको.

पुसून, तेल लावून झालं की वस्तरा अर्धा उघडा ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर अर्धा तास राहू द्या. घरात लहान मूल असेल तर हे कपाटावर, लॉफ्टवर, जिथे त्याचा हात पोचत नाही तिथे. मग मिटून डब्यात.

चामड्याचं म्यान, मखमलीची पेटी, वस्तरा ज्यातून आला तो पुठ्ठ्याचा खोका, हे सगळं देखणं असतं आणि ओल धरतं. प्रवासात नेण्यापुरतं म्यान ठीक. वर्तमानपत्रात गुंडाळायची जुनी पद्धतही मुंबईच्या पावसात उलटते, कारण कागद हवेतली ओल पितो आणि पात्याला चिकटवून ठेवतो.

८. पावसाळ्याची आणि गावी जाण्याची तयारी

घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला शंभरेक ग्रॅम सिलिका जेल सुती पुरचुंडीत बांधून ठेवा, वर वस्तरा. जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे आणि घरात नकोच. रंग पालटला की जेल भरलं. मग ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका, एक जुना ट्रे त्यासाठीच वेगळा काढा.

बुटांच्या खोक्यातल्या, औषधाच्या बाटलीतल्या पुड्या जमवून ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्या तुमच्या हाती येईपर्यंत बहुतेक भरलेल्या असतात. तांदळाचे दाणेही डब्यात घालून पाहिले, आणि कारखान्यातले मिस्त्री हत्यारांच्या पेटीत टाकतात तसा कापूरही. मला फरक दिसला नाही. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवलात तर अंदाज लावत बसावं लागत नाही. काटा ५० च्या खाली राहिला की निर्धास्त.

आठ दिवसांपेक्षा जास्त बाहेर जाणार असाल तर निघायच्या दिवशी त्या वस्तऱ्याने दाढी करू नका. आदल्या दिवशी करा, रात्रभर वाळू द्या, आणि सकाळी पात्याला पॅराफिनऐवजी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात देऊन डबा बंद करा. विमानाने जाताना वस्तरा सोबत नेणार असाल तर तो चेक-इन सामानात टाका; हातातल्या बॅगेत सापडला तर काढून घेतात.

चोर बाजारातून जुना वस्तरा आणला असेल तर आणखी एक. मूठ सेल्युलॉइडची असेल तर ती जुनी होता होता स्वतःच आम्लाच्या वाफा सोडू लागते. पात्यावर नेमका मुठीने झाकलेल्या भागातच गंज असेल, किंवा मुठीला बारीक चिरा पडून नाकात झोंबणारा वास येत असेल, तर कितीही तेल लावा, उपयोग नाही. तो वस्तरा बाकीच्यांपासून लांब, उघड्या हवेत ठेवा आणि मूठ बदलून घ्या. तोच डब्यात बंद केलात तर शेजारच्या चांगल्या वस्तऱ्यालाही घेऊन बसेल.

९. एवढं करूनही गंज दिसला तर

पहिल्यांदा रंग पाहा. करडी, निळसर छटा असेल तर ती पोलादाची नेहमीची झाक आहे, विळीवर असते तशी. ती घालवू नका. तांबडा-नारिंगी, बोटाला लागणारा असेल तर तो गंज.

ताजा, वरवरचा गंज पॅराफिनमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने पाच-दहा मिनिटं चोळला की जातो. नाही गेला तर धातू चकाकवायचं ब्रासोसारखं पॉलिश थोडंसं घ्या. पातं टेबलाच्या काठावर सपाट टेकवा आणि पाठीला समांतर चोळा, धारेच्या दिशेने नको. पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर तिथे पॉलिश लावू नका, दोन हातांत पुसली जाईल. लिंबू-मीठ, व्हिनेगर, चिंच हे पितळेच्या समईला ठीक आहे. इथे आम्लाने पातं काळं पडेल आणि मीठ नवीन गंज आणेल.

गंज धारेपर्यंत पोचला असेल तर चोळून काही होत नाही. धार निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, मागे घ्यावी लागते, म्हणजे खड्डे संपेपर्यंत पोलाद झिजवायचं. हे काम वस्तरे लावणाऱ्यालाच द्या. "सुरी-कात्रीला धाsर" ओरडत सायकलवर चाक घेऊन येणाऱ्याला देऊ नका. तो कात्री उत्तम लावतो, पण त्याच्या चाकावर ठिणग्या उडतात, आणि ठिणगी उडाली की वस्तऱ्याच्या धारेचं पाणी उतरलंच.

माझा वस्तरा काकांनीच लावून दिला. तीन संध्याकाळी लागल्या आणि पातं नखभर अरुंद झालं. धारेजवळचे ठिपके गेले, पाठीजवळचे दोन काळे खड्डे राहिले. ते घालवायचे तर फार पोलाद घासावं लागलं असतं, आणि पाठीने काही दाढी होत नाही.